जुन्या भाराची कुरकुर

कथिलाची कांब वाकवली की करकरते. त्याला ‘कथिलाचे रडणे’ म्हणतात. बाकीचे धातूही ताण पडला की बोलतात, पण बहुधा आपल्या कानांना ते कळत नाही. १९५० साली म्युनिकच्या योझेफ कायझर यांनी प्रबंधात दाखवले, की एकदा सोसलेला भार पुन्हा आला तर धातू गप्प राहतो. त्याहून अधिक आला तरच बोलतो. फायबरग्लासची टाकी याच न्यायाने, न फोडता पारखतात. जुन्याच भाराला ती कुरकुरली, तर आत इजा आहे म्हणून समजावे.

मी पडलो मराठीचा मास्तर. मला आई आठवली. चाळीस वर्षे निमूट उचललेल्या कळशीला हात लावताच ती हल्ली कण्हते. घरातले म्हणतात, ‘वयाची कुरकुर, दुसरे काय!’ मी कळशी काढून घेतली आणि तिला डॉक्टरांकडे नेले.