पैसे कुठे भरायचे?

लंडनच्या ईलिंगलाही एक केईएम होतं, हे आता इथल्या फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक असेल. मॅटॉक लेनवरचं किंग एडवर्ड मेमोरियल हॉस्पिटल 1979 साली बंद झालं, कारण अक्सब्रिज रोडवर नवं ईलिंग हॉस्पिटल उभं राहिलं. 1977 च्या हिवाळ्यात माझ्या छातीत पाणी झालं तेव्हा मी त्या जुन्या केईएममध्ये होते. माझं माहेर परळचं, मुंबईच्या केईएमजवळचं. "पत्रात केईएम असं लिहू नकोस, आई डबा घेऊन निघतील," हे म्हणाले होते.

पत्र पोचायला आठवडा-दहा दिवस लागत. आई काही येऊ शकली नाही. वडिलांच्या गिरणीतल्या पगारात विमानाचं तिकीट बसणारं नव्हतंच. पण तिचा खरा धसका वेगळा होता. टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या दाराशी बिऱ्हाड मांडून बसलेली माणसं तिनं रोज पाहिलेली. सोलापूर-जळगावकडून तरणा मुलगा घेऊन आलेली, रात्री दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत पाठ टेकणारी. पोराच्या दुखण्यात आधी दागिना जातो आणि मग जमीन, हे तिला पाठ होतं. माझं बिल आलंच नाही हे तिला पत्रातून पटेना. "जावई लपवतायत," असं तिनं बहिणीला लिहिलं.

ती आली 1979 मध्ये. तेव्हा व्हिसा लागत नसे. भारतीयांना तो 1986 पासून लागू लागला. हीथ्रोवरच्या साहेबानं किती दिवस राहणार एवढं विचारलं आणि शिक्का मारला. इथे असताना पित्ताच्या खड्यांनी तिला गडाबडा लोळायला लावलं, आणि नव्याकोऱ्या ईलिंग हॉस्पिटलात तिचं ऑपरेशन झालं. निघताना कमरेची पिशवी सोडून ती म्हणाली, "पैसे कुठे भरायचे?" मी नर्सला विचारलं, तर तीही गोंधळली. परदेशी पाहुण्यांकडून पैसे घ्यायचा नियम आला 1982 च्या ऑक्टोबरात.

तो काळ सोन्याचा होता असं म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. आई आली त्याच वर्षी, 1979 च्या एप्रिलमध्ये साउथॉलला, इथून हाकेच्या अंतरावर, नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध निदर्शनं झाली आणि त्यात ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला. आम्ही आईला दोन दिवस बाहेर सोडलं नव्हतं. आणि तेव्हा कुणाला रक्ताचा कॅन्सर झाला म्हणजे लोक आवाज खाली करून बोलत, बरं होण्याचं कुणी बोलत नसे.

आता आमच्या गल्लीत कोथरूडच्या एक काकू येऊन राहिल्या आहेत. मुलगा आयटीत, तिशी नुकतीच ओलांडलेला, त्याला ल्युकेमिया. काकूंचा व्हिसा आधीच काढलेला होता म्हणून बातमी कळल्यावर तिसऱ्या दिवशी त्या हीथ्रोवर. सकाळी ईलिंग ब्रॉडवेहून सेंट्रल लाइननं ईस्ट ॲक्टन, तिथून चालत हॅमरस्मिथ हॉस्पिटल. शेजारचे बुरूज कसले म्हणून त्यांनी विचारलं. तो वर्मवुड स्क्रब्जचा तुरुंग आहे हे मी सांगितलं आणि उगाच सांगितलं असं वाटलं.

केमोचं बिल मुलाला नाही. त्यानं ते आधीच भरलंय: व्हिसा घेताना हेल्थ सरचार्ज, 2024 पासून वर्षाला 1,035 पौंड, पाच वर्षांचे एकदम, बायकोचे वेगळे. तरी काकूंच्या वहीत आकडेच आकडे. आजारपणाचा सरकारी पगार 2025-26 मध्ये आठवड्याला 118.75 पौंड, तोही जास्तीत जास्त 28 आठवडे. तेवढ्यात ईलिंगचं घरभाडं निघत नाही. कंपनीत नोकरकपातीची कुजबुज आहे. नोकरी गेली तर साधारण 60 दिवसांत नवा स्पॉन्सर शोधायचा, आणि केमो चालू असलेल्याला कोण घेणार? मग पुण्याला न्यावं का? तिथल्या घरच्या पॉलिसीतून त्याचं नाव पंचविसाव्या वर्षीच निघालं, आणि आता नवी पॉलिसी कोण देईल?

काकूंची स्वतःची गत आणखी चमत्कारिक. त्या पाहुण्या. अपघात विभागात त्यांना फुकट तपासतील, पण वॉर्डात दाखल केलं तर दीडपट दरानं बिल. प्रवासविम्यात बीपी आणि शुगर वगळलेली. लेकाची सेवा करायला आलेल्या आईनं आजारी पडायचं नाही, हा अलिखित नियम. आणि लिहिलेला नियम त्याहून अजब आहे. 2012 पासून म्हाताऱ्या आईबापांना इथे कायमचं आणायचं तर त्यांना स्वतःला कुणीतरी सांभाळावं लागतंय हे सिद्ध करावं लागतं. आई धडधाकट असेल, मुलाला सांभाळायला निघाली असेल, तर तिच्यासाठी रकानाच नाही. मला हे माणूसघाणेपणाचं वाटतं आणि मी ते आमच्या खासदारांना लिहून कळवलंही आहे.

माझ्या आजारपणात आईला पोचता आलं नाही, पण इथे कुणी तिच्या लेकीचा कागद विचारला नाही. काकू तिसऱ्या दिवशी पोचल्या आणि तेव्हापासून कागदच वाचतायत.

त्यांचे सहा महिने मार्चअखेर संपतात, केमो त्यापुढेही आहे. मुदत वाढवून मिळत नाही, म्हणून मग काका येणार. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्यांची शिकवणी चालते: कुकरच्या शिट्ट्या, मुलाच्या भांड्यांना वेगळी घासणी, कच्ची कोशिंबीर बंद. कालपर्यंत त्यांचा वरणभात जमला होता. पोळ्या काही जमणार नाहीत, असं काकूंनी मला जाहीर करून टाकलं. साउथॉलला मिळतात तयार, मी म्हटलं.