श्रीलंकेच्या यात्रेची तयारी

नंदिगड्ड्याच्या रानातून श्रीलंकेस जावयाचे, हे प्रथमदर्शनी धाडसाचे वाटेल. परंतु ती वाट एका शेजाऱ्यानेच घालून दिली आहे. बाणावलीस जन्मलेल्या संत जोसेफ वाझ यांनी आधी आपल्या कानडा प्रांतात धर्मसेवा केली. डच अमलात कॅथलिक धर्मगुरूंना बंदी असता १६८७ साली ते मजुराच्या वेषात त्या बेटावर उतरले. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोस त्यांना संतपद दिले.

मडू येथील मातेचा मोठा उत्सव ऑगस्टात असतो. परंतु तेव्हा आपली शेते सोडवत नाहीत. म्हणून जानेवारीतील संतांचा सण आम्हास इष्ट वाटतो. तोवर मळणी उरकते. पारपत्राची मुदत निदान सहा महिने उरलेली असावी. प्रवेशपरवाना आधीच काढावा.

मात्र कर्ज काढून कोणीही निघू नये. बियाण्याचे भात विकून केलेली यात्रा संतांस रुचणार नाही. ज्यांना घरी राहणे भाग आहे, त्यांचे हेतू कँडीच्या वेदीपाशी आम्ही अवश्य ठेवू.