साताऱ्याहून सांगलीस

सांगलीस आमच्या आक्कांच्या डोळ्यातील मोतीबिंदू काढावयाचा होता. "बापू आल्यावाचून मी आत जाणार नाही," असा त्यांचा निरोप रात्री उशिरा आला; शस्त्रक्रिया सकाळी दहास. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. तेव्हा पुतण्याच्या मोटारसायकलीवर मागे बसून पहाटे साडेचारास सातारा सोडणे प्राप्त झाले.

निघताना मी एक उद्योग केला. आक्कांसाठी घेतलेल्या कंदी पेढ्यांची पिशवी हँडलच्या मानेशी सुतळीने करकचून बांधली. "काका, मांडीवर घ्या की," असे पुतण्या म्हणाला. पेढे चेंगरतील, या सबबीवर मी त्याचे ऐकले नाही.

नागठाणे मागे पडून अतीत जवळ येत असता दिवा, इंजिन आणि हॉर्न ही तिन्ही एका क्षणी गतप्राण झाली. पुतण्याने क्लच दाबून गाडी होत्या वेगाने डाव्या कडेस घातली. तेवढ्यात एक ट्रक इतका जवळून गेला की त्याच्या वाऱ्याने माझे उपरणे उडाले. मागचा तांबडा दिवाही विझलेला, म्हणजे मागून येणाऱ्याच्या लेखी आम्ही त्या रस्त्यावर नव्हतोच! गाडी रस्त्याखाली ढकलली, तरी माझे पाय बराच वेळ थरथरत होते.

मग शोध सुरू झाला. नुसता दिवा गेला असता, तर बल्बचा दोष म्हणता आला असता. नुसते इंजिन बंद पडले असते, तर प्लग किंवा पेट्रोल पाहिले असते. सर्वच एकदम गेले, तेव्हा कारण सर्वांस सामाईक असले पाहिजे: बॅटरी, तिच्या तारांचे जोड, किल्लीचा स्विच अथवा मुख्य फ्यूज. मोबाईलच्या उजेडात पाहिले. जोड घट्ट होते. फ्यूजमधील तार मात्र वितळलेली. झाकणात एक जादा फ्यूज होता, तो बसविला. किल्ली फिरविताच तोही गेला.

पेढ्यांच्या पुड्यावरील चांदीसारखा कागद गुंडाळून काम भागवावे, असे मी सुचविले. पुतण्या प्रथमच माझ्यावर रागावला. "काका, फ्यूज जळतो म्हणून तारा वाचतात. कागद लावला तर टाकीखालची तार पेटेल, आणि वर पेट्रोल आहे!" मी निमूटपणे गाडीस मागून हात लावला. तीस वर्षे मुलांना कार्यकारणभाव शिकविला होता, हे सांगण्याची ती वेळ नव्हे.

अतीतचा मिस्त्री नुकताच उठून राखुंडी लावीत होता. त्याने फ्यूजच्या जागी दोन तारांनी एक लहान बल्ब जोडला, दिव्यांची सर्व बटणे बंद केली आणि किल्ली फिरविली. बल्ब लख्ख पेटला. कोठे तरी उघडी तार सांगाड्यास टेकली आहे, अशी त्याची साक्ष. मिस्त्रीने मागच्या दिव्याच्या तारा हलविल्या, आसनाखालच्या चाचपल्या, टाकीखालच्या ओढून पाहिल्या, बल्ब ढिम्म. हँडल डावीकडे वळविले, तो विझला. उजवीकडे नेले, पुन्हा पेटला. न्यायशास्त्रातील अन्वय आणि व्यतिरेक त्या मनुष्याने माझ्यासमोर पाच मिनिटांत मांडून दाखविले. तिघांच्याही दृष्टी माझ्या पिशवीकडे वळल्या.

सुतळीने तारांचा जुडगा दिव्याच्या पत्र्यावर ओढला गेला होता. वेष्टण मुळात जुने व कडक झालेले. प्रत्येक वळणास घासून तांबे उघडे पडले. तुटलेल्या वेष्टणावर चिकटपट्टी गुंडाळून, जुडगा मोकळा करून त्याने नवा फ्यूज घातला. पन्नास रुपये आणि दोन पेढे घेतले.

कऱ्हाडास कृष्णा-कोयनेच्या संगमावर ऊन पडले होते. १९६२ पासून याच कोयनेच्या पाण्यावर वीज होत आहे. आमचा खोळंबा मात्र नखाएवढ्या तारेने केला. पूर्वेस ओगलेवाडी राहिली. तेथील प्रभाकर कंदिलाच्या उजेडात माझे वडील अमरकोश घोकीत. त्या कंदिलास फ्यूज नव्हता, पण काच पुसण्याचा कंटाळा सर्वांनाच असे.

पेठनाक्यावरून आष्ट्याच्या मार्गाने, १९२९ सालच्या आयर्विन पुलावरून सांगलीत शिरलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. आक्का दवाखान्याच्या बाकावर एका डोळ्यावर हात धरून बसल्या होत्या.

"गाडी बिघडली का रे?" त्यांनी पुतण्यास विचारले.

तो माझ्याकडे पाहू लागला. मी पिशवी पुढे केली. पिशवी मी सबंध वाट मांडीवर धरली होती, आणि पेढे खरोखरच चेंगरले होते.