मुक्या रोग्याची जबानी

तर्कशास्त्र शिकविण्यांत आमच्या आयुष्याचीं २७ वर्षें गेलीं. कार्यावरून कारणाकडे जातांना मनुष्य कोठें घसरतो, याचीं उदाहरणें फळ्यावर मांडून दाखविणें हा आमचा नित्याचा व्यवसाय. हीं उदाहरणें बहुधा इंग्रजी ग्रंथांतून उचललेलीं असतात. एक मात्र आमच्या घरच्या गोठ्यांतलें आहे, आणि तें आजवर आम्हीं वर्गांत कधीं सांगितलेलें नाहीं.

आमचें मूळ घर मालवणच्या उत्तरेस खाडीच्या कांठीं आहे. कौलारू ओटी-पडवी, मागें माडांची बाग, आणि बागेच्या कडेला गोठा. सन २००३ च्या आषाढांत जमिनीच्या वाटणीसंबंधीं कांहीं काम निघालें म्हणून आम्ही तेथें आठ दिवस जाऊन राहिलों होतों. दुसऱ्याच दिवशीं पहाटे काकी कंदील घेऊन ओटीवर आली व तिनें आम्हांस उठविलें. गोठ्यांत जाऊन पाहतों तों म्हैस उभी होती. पण मान पुढें ताणलेली, तोंडांतून लाळेची तार लोंबत असलेली, आणि श्वासागणिक घशांत घरघर वाजत होती. गळ्याखालीं भाकरीएवढी सूज. आदल्या आठवड्यांत गोठ्यामागच्या गडग्यांत गड्यानें एक फुरसें मारलें होतें, तें आम्हांस आल्या दिवशींच कळलें होतें. आम्हीं सूज पाहिली, फुरसें आठवलें, आणि दोहोंची गांठ मारून मोकळे झालों. “पान लागलें आहे,” आम्ही म्हणालों.

काकी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “पान लागला तर सूज एका अंगान येता, बाबा. हिची दोनय कडेन सारखी इली हा. आणि काल तिनसांजेक ही पाणी पिऊक नाय. तेव्हांच आंग तापलेला होता.”

विषानेंहि ताप येऊं शकतो, सूज पसरत जाऊन दोन्ही अंगांस सारखी दिसूं शकते, असें आम्हीं तिला समजावून सांगितलें. काकी चौथी शिकलेली, आम्ही एम्. ए.; तेव्हां वाद तेथेंच मिटला. दुपारच्या आंत म्हैस आडवी झाली व गेली. बागेच्या टोंकाला खड्डा खणून तिला पुरलें. सर्पदंशानें मेलेल्या जनावराची बाधा दुसऱ्यास होत नाहीं हें तर उघडच होतें. म्हणून तिच्यापुढचा अर्धवट चघळलेला गवताचा भारा फुकट जाऊं नये, तो कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या रेड्यांपुढें टाकावा, ही सूचना आमची. आणि ती तत्काळ अंमलांत आली.

ही हकीकत पुरी करण्यापूर्वीं, त्यानंतर आम्हीं जें थोडेंबहुत वाचलें व जाणत्यांस विचारून घेतलें तें सांगितलें पाहिजे. नाहींतर आमची चूक कोणत्या जातीची होती हें वाचकांच्या ध्यानांत यावयाचें नाहीं.

गुरांच्या रोगांचीं आपल्या भाषेंतील नांवें एकदां लक्ष देऊन पाहण्यासारखीं आहेत. लाळ्या-खुरकत या नांवांत तोंडाची लाळ आणि खुरांमधली जखम दोन्ही आलीं. फऱ्या रोगांत जनावराचा फरा सुजतो, आणि सुजेवर हात दाबला असतां आंत वायु भरल्यामुळें चरचर असा आवाज येतो. बुळकांडींत पातळ, बुळबुळीत हगवण लागते; कोंबड्यांच्या मानमोडींत मान पिळवटते. हीं नांवें ज्यांनीं ठेविलीं त्यांच्यापाशीं सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हतें; होते ते डोळे, आणि गोठ्यांत रोज सकाळ-संध्याकाळ जाण्याची संवय. परंतु केवळ लक्षणांवरून ठेविलेल्या नांवांची एक अडचण असते. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या सांथीलाहि लोक मानमोडीच म्हणत. घटसर्प हा मुलांच्या घशाचा रोग आहे, आणि त्याच नांवाचा गुरांचाहि एक रोग आहे. दोहोंचे जंतु अगदीं वेगळे. आणि त्या नांवांतच सर्प बसलेला आहे, हें आम्हांसारख्या भाषेच्या अभिमान्यास त्या दिवशीं सुचूं नये, याला काय म्हणावें!

दोन निराळे रोग एकच मुखवटा घालून आले म्हणजे नुसता डोळा फसतो. नंदुरबार जिल्ह्यांत नवापूर येथें सन २००६ च्या आरंभीं कोंबड्या पटापट मरूं लागल्या, तेव्हां हा नेहमींचा राणीखेत, अशीच पुष्कळांची समजूत झाली. राणीखेत म्हणजे तीच आपली मानमोडी. कुमाऊंतल्या एका थंड हवेच्या गांवाचें नांव तिला चिकटलें आहे. नवापूरचे नमुने भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेंत गेले, आणि फेब्रुवारींत तेथून उत्तर आलें तें बर्ड फ्लूचें. हिंदुस्थानांतील तो पहिला प्रादुर्भाव. त्यापुढें लक्षावधि कोंबड्या माराव्या लागल्या. लक्षणें पाहतां या दोन रोगांत निवड करणें कोणाहि कुक्कुटपालकास कठीण होतें; पण एकांत शेजाऱ्याच्या कोंबड्यांना लस टोंचावयाची, आणि दुसऱ्यांत साऱ्या गांवाचीं खुराडीं रिकामीं करावयाचीं.

जंतु आणि विषाणु यांतील भेदहि असाच व्यवहाराचा आहे. जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं रंग देऊन पाहतां येतो, आणि वेळेवर गांठल्यास औषधानें मरतो. विषाणु साध्या सूक्ष्मदर्शकास दिसत नाहीं व त्या औषधांस जुमानीत नाहीं. हा भेद प्राण्यांच्या बाबतींत प्रथम उमगला तोहि गोठ्यांतच. १८९८ सालीं जर्मनींत लेफ्लर व फ्रॉश या दोघांनीं लाळ्या-खुरकताच्या फोडांतील पाणी, ज्यांतून एकहि जंतु निसटूं नये अशा गाळणींतून गाळलें. तरी त्या गाळलेल्या पाण्यानें वासरें आजारी पडलींच. त्या रोगाचे आपल्याकडे ओ, ए आणि आशिया-१ असे तीन प्रकार आढळतात. एका प्रकाराची लस दुसऱ्यास उपयोगी पडत नाहीं. म्हणून ‘लाळ्या आहे’ एवढें ओळखून भागत नाहीं, फोडाची साल प्रयोगशाळेकडे धाडून कोणता लाळ्या तेंहि विचारावें लागतें.

आपल्या देशांत या शास्त्राचा संसार प्रथम पुण्यांत थाटला गेला, हें पुष्कळ पुणेकरांसहि ठाऊक नसतें. १८८९ सालीं तेथील सायन्स कॉलेजांत सरकारी जंतुशास्त्र-प्रयोगशाळा निघाली व डॉक्टर लिंगार्ड तिचे मुख्य झाले. भर वस्तींत सांथीचे जंतु बाळगणें बरें नव्हे म्हणून १८९३ सालीं ती कुमाऊंत मुक्तेश्वरास हलविली. तेथें सर्वांत मोठा शत्रु होता बुळकांडी. ज्या बुळकांडीनें एका पावसाळ्यांत गांवचे गांव निर्गुरे केले, ती २०११ सालीं पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. देवीनंतर असा निकाल लागलेला हा दुसराच रोग.

घटसर्पाचें निदान मात्र याहून फार साधें आहे, आणि म्हणूनच आमची चूक अधिक बोंचते. आजारी जनावराच्या कानाच्या शिरेला सुई टोंचून रक्ताचा एक थेंब कांचपट्टीवर पसरावा, वाळवावा, रंगवावा. दोन्ही टोंकांना गडद आणि मध्यें फिके असे इवलेसे दांडके दिसले, कीं काम झालें. जनावर मरून वेळ गेला असेल आणि कोंकणच्या दमट हवेंत तें सडूं लागलें असेल, तर पायाचें एक लांब हाड साफ करून धाडतात; बाकीचें शरीर नासलें तरी हाडाच्या आंतील मज्जेंत जंतु टिकून राहतो. पण येथेंहि एक मेख आहे. एकाएकीं मेलेल्या जनावरास काळपुळी, जिला कांहीं ठिकाणीं फाशी म्हणतात, झालेली असण्याचा संभव असल्यास त्यास सुरी लावणें हाच अपराध. नाकातोंडांतून न गोठणारें काळें रक्त आलेलें दिसलें तर शव फाडूं नये; कारण हवा लागली कीं त्या जंतूचीं बीजें बनतात आणि जमिनींत दशकेंच्या दशकें जिवंत राहतात. सारांश, काय शोधावयाचें याचा अंदाज नमुना घेण्यापूर्वींच करावा लागतो, आणि हा अंदाज बांधण्यास रोगी स्वतः कांहींच मदत करूं शकत नाहीं. माणूस निदान “कालपासून दुखतें” एवढें तरी सांगतो. म्हशीच्या वतीनें तें दुसऱ्या कोणी सांगावें लागतें.

हें आमच्याच जिल्ह्यानें पुढें एकदां चांगलें अनुभवलें. २०१६ सालीं दोडामार्ग तालुक्यांत माकडतापाचा उपद्रव झाला. गोचिडांनीं पसरणारा हा विषाणूचा रोग. त्यानें माकडें मरतात, माणसें मरतात, आणि गुरें मात्र तेच गोचीड अंगावर घेऊन धडधाकट घरीं येतात. रानांत माकड मरून पडलेलें दिसलें तर नाकाला फडकें लावून पुढें न जातां तें कळवावें, हें तेव्हांपासून काजूच्या बागांत जाणाऱ्या लोकांस शिकावें लागलें. आमच्या घरींहि थोडा पालट झाला आहे. २०२२ सालीं महाराष्ट्रभर लंपीची सांथ पसरली, तेव्हां वासराच्या अंगावरील गांठींचें छायाचित्र चुलत वहिनीनें मोबाइलवरून आम्हांस धाडलें. “आम्हांस नको, डॉक्टरांस दाखवा,” असें उत्तर आम्हीं तत्काळ धाडलें. आमच्या हातून लिहिल्या गेलेल्या पत्रांत इतकें शहाणपणाचें दुसरें नसावें.

असो. म्हैस पुरल्याच्या तिसऱ्या दिवशीं शेजाऱ्याचा एक रेडा रात्रींतून मेला. गळ्याला तीच सूज. सकाळीं दुसऱ्या रेड्यानें वैरण सोडली. चिखलणी चाललेली, तरवा हातभर वाढलेला, आणि जोताची ही दशा! तेव्हां कोठें तालुक्याच्या पशुवैद्यांस निरोप गेला. ते भर पावसांत मोटारसायकलीवरून आले. वय तिशीच्या आंतबाहेर, अंगांत प्लास्टिकचा रेनकोट. त्यांनीं प्रथम रेड्याचा ताप पाहिला: १०६ अंश. निरोगी रेड्याचा सुमारें १०१ असतो. मग कानाच्या रक्ताची कांचपट्टी केली, ती आमच्या छत्रीच्या आडोशाला वाळविली, आणि लगेच शिरेंतून औषध टोंचावयास घेतलें. प्रयोगशाळेच्या उत्तराची वाट पाहावयास नको काय, असें आम्हीं विचारलें. “उत्तर येईल, साहेब, तोंवर रेडा राहणार नाहीं,” ते म्हणाले.

औषध टोंचून झाल्यावर त्यांनीं वही काढली आणि पहिलें जनावर कोणाचें, असें विचारलें. आम्ही पुढें होऊन “आमच्या मतें...” असा प्रारंभ केला. त्यांनीं नम्रपणें मध्येंच विचारलें, “आपण तिला प्रथम केव्हां पाहिलीत?” पहाटे, आम्ही म्हणालों. “त्याच्या आदल्या दिवशीं तिला कोणी पाहिलें होतें?” काकीनें पाहिलें होतें. मग ते काकीकडे वळले, आणि काकीनें सर्व सांगितलें: दूध कोणत्या वेळेला आटलें, पाण्याच्या दोणींत तोंड घालून कसें काढून घेतलें, जीभ कशी जाड झाली, शेण कसें होतें, सूज अगोदर कोठें आली व मागून कोठें. ते भराभर लिहीत होते. आमच्या हातीं त्यांनीं विजेरी दिली होती. ती वहीवर धरण्याचें काम आम्ही करीत होतों.

शेवटीं त्यांनीं विचारलें, “म्हशीच्या पुढचें उरलेलें गवत कोठें टाकलें?”

कोणी बोलेना. शेजारी रेड्याच्या पाठीवर हात ठेवून खालीं पाहत उभा होता. काकीनें एकदां आमच्याकडे पाहिलें, आणि मग पागोळ्यांकडे पाहूं लागली. तें गवत कोठें गेलें आणि कोणाच्या सांगण्यावरून गेलें, हें आम्हींच सांगितलें. पशुवैद्यांनीं तेंहि लिहून घेतलें, आणि वही मिटून बाकीच्या गुरांना लस टोंचावयास निघाले. लशीचा गुण यावयास दिवस लागतात, तोंवर जनावरें वेगळीं बांधा व पाणी एकत्र पाजूं नका, असें ते काकीस सांगत होते. आम्ही मागून विजेरी घेऊन चाललों होतों.

दोन दिवसांनीं कांचपट्टीचें उत्तर आलें. घटसर्पच. दुसरा रेडा वांचला. परंतु एका रेड्यानें जोत होत नाहीं. शेजाऱ्यानें वाडींत कोणाचें तरी जोत उसनें मागून ९ दिवस उशिरानें लावणी केली, आणि त्या सालीं त्याचें भात कमी आलें. मेलेल्या रेड्याची किंमत आम्हीं काकीच्या हातून पोंचविली. त्यानें ती घेतली, मोजली, आणि आमच्यापुढें गवताचा विषय तेव्हां काढला नाहीं व पुढेंहि कधीं काढला नाहीं. पुढच्या वर्षीं मृगाच्या तोंडावर लस टोंचणारे वाडींत आले, त्या दिवशीं मात्र आपला नवा रेडा घेऊन तो सर्वांच्या आधीं जाऊन उभा राहिला, आणि आमची नवी म्हैस अजून कां आणली नाहीं म्हणून त्यानें कुंपणावरून काकीस दोनदां हांक मारली.