आयर्विनला किती?

५ ऑगस्ट २०१९, पुणे
आज नागपंचमी. टीव्हीवर सकाळपासून काश्मीर आणि ३७० कलम, दुसरं काही नाही. सांगलीचं पाणी दाखवायला कुणाला सवड नाही, खालच्या पट्टीवरसुद्धा नाही. बातमी मिळते ती सांगलीतल्या आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. कुणीतरी छत्री सावरत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर रंगवलेल्या फुटांच्या आकड्यांचा फोटो टाकतं. सांगलीकर पुराविषयी एकच प्रश्न विचारतो, "आयर्विनला किती?" ४० फुटांना इशारा आणि ४५ला धोका, हे आम्हाला पाढ्यांबरोबर पाठ झालेलं. संध्याकाळी दादाला फोन केला. "२००५ सालच्या पुरात पाणी आपल्या पायरीला लागून परत गेलं होतं. कशाला घाबरतेस?" म्हणाला.

६ ऑगस्ट
कोयना धरणातून पाणी सोडतायत. तेवढाच मेसेज चार ग्रुपांवर आला. किती आणि कधी, ते चारांपैकी एकातही नाही. कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळतं आणि तिथून सांगलीला पोचायला काही तास घेतं. धान्य माळ्यावर चढवायला, म्हाताऱ्यांना हलवायला मिळतात ते तास हेच. दुपारी अमुक वाजता इतके क्युसेक सोडले, एवढं कळलं तर गावभागातल्या आज्यासुद्धा बोटांवर हिशोब करतात. पण पुढे ढकललेल्या मेसेजमध्ये फक्त "आत्ताच" असतं. हे "आत्ताच" कालचं की आजचं, कोण सांगणार?

रात्री एक ऑडिओ फिरला, धरणाला तडा गेल्याचा. बोलणाऱ्याचा आवाज भारदस्त, मध्येच "मी स्वतः साइटवर आहे". वहिनीने तो तीनदा ऐकला आणि पोरांचे कपडे पिशवीत भरायला घेतले. त्यातून एक बरं झालं. अफवेने का होईना, दादा हलायला तयार झाला.

८ ऑगस्ट
२००५ सालच्या पुराची खूण पाण्याखाली गेली. त्या खुणेच्या भरवशावर घरीच राहिलेली माणसं आता माळ्यावर आणि गच्चीवर आहेत. आमची मंडळी काल ट्रॅक्टरमधून विश्रामबागला मावशीकडे पोचली. लाइट नाही. दादाला बजावलंय, फोन बंद ठेव, दर दोन तासांनी पाच मिनिटं चालू कर, आणि नेट नसलं तर साधा एसेमेस टाक.

शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने गूगल शीट उघडलंय. अडकलेल्यांचं नाव, पत्ता, फोन, माणसं किती, आजारी कुणी, गरोदर कुणी. आम्ही सात-आठजण रात्रभर फोन लावत बसलो. पहाटेपर्यंत एक गोष्ट कळली. मदतीची हाक फिरतच राहते, मदत मिळाल्याची बातमी मात्र जिथल्या तिथे विरते. एका आजोबांसाठी मला पाच जणांनी मेसेज पाठवले. फोन लागला तेव्हा आजोबा नातवाकडे जेवून झोपले होते. त्यांना काल सकाळीच बाहेर काढलं होतं. तरी दुपारपर्यंत त्यांच्या नावाने आणखी मेसेज येतच होते. शीटमध्ये आता दोन नवे रकाने आहेत, "शेवटचं कधी बोललो" आणि "सुटका झाली का". हे दोन रकाने भरायला बाकी सगळ्या रकान्यांहून जास्त वेळ लागतो, आणि ते भरायला कुणालाच उत्साह नसतो.

लोकेशनचं आणखी वेगळंच. मेसेज धाडणारी लेक दुबईत, तिने पाठवलेला ठिपका तिच्याच इमारतीचा. ठिपका बरोबर असला तरी बाहेरून आलेल्या जवानाला गल्ली दिसते कुठे? सगळीकडे सपाट पाणी. बोटीवर गावातला एखादा पोरगा लागतो, जो सांगेल की ही विजेची तार त्या दवाखान्याच्या कोपऱ्यावरची, इथून डावीकडे वळा.

बोटीची ही ओळ दुपारी लिहिली. संध्याकाळी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळची बातमी आली. गावातली बोट, माणसं फार झाली, उलटली. बायका आणि मुलं होती म्हणतात. आज यापुढे लिहीत नाही.

९ ऑगस्ट
शिरोलीला पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आहे. पुण्यात जमलेली पाण्याची खोकी आणि बिस्किटं इथेच पडून. "गाड्या पाठवू नका" हा मेसेज "मदत पाठवा"च्या एक दशांश वेगानेही जात नाही.

१२ ऑगस्ट
पाणी ओसरतंय. घरच्या ग्रुपवर छपरावर बसलेली मगर आली, "आपल्या सांगलीची". ती बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यातली निघाली. मामा म्हणाले, कृष्णा तीच, मगरही तीच, फरक काय पडतो? मामांशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण बोट कुठे पाठवायची, हे अशाच मेसेजांवरून ठरवायचं असेल तर फरक पडतो.

२० जुलै २०२३
चार वर्षांनी ही वही पुन्हा उघडली, कारण आज ऑफिसात सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. सायलेंटवरचेसुद्धा. आधी इंग्रजीत, मग थोड्या वेळाने मराठीत: सरकारची चाचणी, घाबरू नका. अर्थात सगळे घाबरले. कुणाला वाटलं फोन हॅक झाला.

मला बरं वाटलं. टॉवरच्या टप्प्यात जो फोन असेल त्याला हा इशारा पोचतो. नंबर लागत नाही, ॲप लागत नाही, लाइन जाम झाली तरी अडत नाही. मुख्य म्हणजे तो कुणी कुणाला फॉरवर्ड केलेला नसतो, त्यामुळे आजचा इशारा परवा फिरत नाही. सांगलीसाठी तो येईल तेव्हा त्यात आयर्विनचे फूट आणि घड्याळाची वेळ असावी, एवढंच मागणं.

घरी येऊन बातम्या लावल्या. इर्शाळवाडी. काल रात्री उशिरा डोंगर वाडीवर आला. खालापूर तालुका, इर्शाळगडाखालची ठाकरांची वस्ती, गाडीरस्ता नाही. बचाव पथकं पावसात पायी चढतायत. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचं नावच नव्हतं, असं आज विधानसभेत सांगण्यात आलं. म्हणजे काल रात्री ही यंत्रणा सुरू असती तरी त्या डोंगरासाठी बटण दाबायचं कुणाच्या डोक्यात आलं नसतं. नकाशावर वर्तुळ काढणं मिनिटभराचं काम. त्याआधी कुणीतरी पावसाळ्यात तो डोंगर चढून भेगा बघायला हव्यात, वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारायला हवं. त्या कामाचं बजेट कुठल्या खात्यात असतं?

२१ जुलै
पेपरात आहे: वाडीतली काही पोरं रात्री शाळेत मोबाइलवर गेम खेळत जागी होती, म्हणून वाचली. आवाज ऐकून त्यांनीच धावत जाऊन लोकांना कळवलं. दादाला वाचून दाखवलं. आता त्याचा धाकटा रात्रभर गेम खेळायचं कारण म्हणून हीच बातमी सांगतोय, आणि दादाला उत्तर सुचत नाहीये.