चढावर गाडी का दमते?



ज्या मंडळ्यांचे आवार मोठे आहे तिथे आता बॅटरीच्या गाड्या दिसू लागल्या आहेत. मूळची ही गोल्फच्या मैदानावरची गाडी. रेल्वे स्थानकात वृद्धांना फलाटावर नेते तीही याच जातीची. आमच्याकडे आहे ती वापरलेली घेतलेली. फाटकापासून उपासनामंदिराच्या दारापर्यंतचा रस्ता खडकातून चढत जातो, आणि हैदराबादेत अशा चढांची काही कमी नाही. गाडी सपाटीवर छान पळायची, पण चढाच्या मध्यावर तिचा जीव जायचा. मग मागून दोन तरुण ढकलणार. तुमच्या मंडळीतही अशी गाडी असेल तर उपयोगी पडेल म्हणून आम्ही सेवकांनी काय काय पाहिले ते लिहितो.

गाडीपेक्षा आमच्या एका मावशींना या बिघाडाचा जास्त त्रास झाला. दोन्ही गुडघे गेलेले, अंगाने भरलेल्या. दोन रविवार ओळीने नेमकी त्यांच्याच फेरीला गाडी थांबली. "एक माणूस कमी बसवा," असे कोणीतरी हसत म्हणाले. तिसऱ्या रविवारी मावशी आल्याच नाहीत. भेटायला गेलो तर म्हणाल्या, "माझ्या वजनानं गाडी चढत नाही रे बाळांनो. मी घरीच प्रार्थना करते."

आम्ही घरी येऊन हिशेब मांडला. गाडी आणि चार माणसे मिळून सुमारे ७०० किलो. ताशी १० किलोमीटरने सपाटीवर जायला ४८ व्होल्टच्या बॅटरीसंचातून १०-१२ अँपिअर पुरतात. दहा फुटांत एक फूट चढायचे म्हटले की तीच गाडी साठाच्या वर मागते. मावशी उतरल्या तर त्यातले सात-आठ कमी होतील, फार तर. म्हणजे मावशी घरी राहिल्या तरी चढ चढच राहतो.

कमिटीत कोणी मोटर गेली म्हणत होते, कोणी कंट्रोलर. दोन्ही महाग. आमचा आग्रह असा की फुकटचे आधी पाहा. चाकांत हवा पुरेशी आहे का? जॅक लावून चाक हाताने फिरवले तर सैल फिरते, की ब्रेक घासतो? बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर साचला आहे का? तो थर आम्ही खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतला (झाकणे घट्ट लावून, सोडा आत जाता कामा नये) आणि नट आवळले. फरक पडला, पण थोडाच.

मग कोठीला गेलो. गुजराती गल्लीतून मल्टिमीटर घेतला आणि तिथून जवळच एका बॅटरीवाल्याकडे हायड्रोमीटर. या भागात मराठी कानावर पडते याचे आम्हाला नवल नाही, विवेकवर्धिनी आणि मराठी साहित्य परिषद इथलीच. पण बॅटरीवाले उस्ताद दख्खनीत बोलले. उभ्या गाडीत सहाही बॅटऱ्या साडेआठ व्होल्टच्या जवळपास दाखवतात, असे सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. "सपाटी पे सब अच्छेच दिखतैं साब. चढाव पे देखो."

शनिवारी रिकाम्या आवारात, वृद्धांऐवजी वाळूच्या गोण्या ठेवून गाडी चढावर घातली. एक जण चालवायला, एक मीटर धरायला, एक मागच्या चाकाला दगड लावायला. हातातल्या अंगठ्या काढून, डोळ्यांना चष्मा लावूनच. पाच बॅटऱ्या ७.८ वर आल्या आणि एक थेट ५.२ वर कोसळली. नंतर गाडी उभी करून तिच्या चारही सेलांत हायड्रोमीटर घातला. तीन सेल १.२६० च्या आसपास, एक १.१७०. चोवीस सेलांतला एक.

या बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकामागे एक जोडलेल्या असतात. जो प्रवाह पहिल्या सेलमधून जातो तोच चोविसाव्यातून. दुबळा सेल आधी रिकामा होतो, पण बाकीचे तेवीस थांबत नाहीत. ते त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात आणि त्याचे ध्रुव उलटतात. मग तो गाडीला ओढायच्या ऐवजी मागे खेचतो. एकूण व्होल्टेज खाली येते, कंट्रोलर प्रवाह आखडता घेतो आणि गाडी दमते. अशा प्रत्येक फेरीत तो सेल आणखी खराब होत जातो.

कोठीतच जुनी रेसिडेन्सी आहे, जेम्स किर्कपॅट्रिकच्या काळात उभी राहिलेली. पुढे तिथे मुलींचे कॉलेज झाले. तिच्या दर्शनी भागाचे उंच खांब करिंथी धाटणीचे आहेत. ज्या करिंथच्या मंडळीला पौलाने पत्रे लिहिली, त्याच नगराचे नाव. खांब शेजारी शेजारी उभे राहून छत वाटून घेतात. मंडळीविषयी बोलताना आपण बहुधा असेच चित्र काढतो, की एक थकला तर दुसरे भार उचलतील. पण पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल शरीराचे उदाहरण देतो, आणि एका अवयवाचे दुखणे सर्वांना भोगावे लागते असे सांगतो. आम्हाला ते खांबांपेक्षा बॅटरीच्या जोडणीजवळचे वाटते. तिथे बलवानांनी जोर वाढवला म्हणून दुबळ्याचे ओझे हलके होत नाही.

एकच बॅटरी बदलावी की सहाही, यावर कमिटीत बरीच चर्चा झाली. संच चार वर्षांचा. जुन्या पाचांत नवी एक घातली तर तिची ताकद वेगळी, बाकीच्यांची वेगळी. पुढचा दुबळा सेल लवकरच सापडतो. उस्तादांचेही मत सहाच घ्या असे पडले. शेवटी भिंतींच्या रंगाचे काम पुढे ढकलले. काहींना ते आवडले नाही, आम्हाला मात्र ते योग्य वाटते. जुन्या बॅटऱ्या दुकानदाराने मोडीत घेतल्या.

मापांची वही घेऊन मावशींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ५.२ वर बोट ठेवले.

"हा आजारी होता?"

"हो."

"आणि बाकीचे त्याला पळवत होते?"

आम्ही हो म्हटले. त्यांनी वही मिटून परत दिली आणि रविवारी गाडी किती वाजता फाटकावर येते ते विचारले.

नव्या सहाही बॅटऱ्या आता चढावर आठच्या जवळ राहतात. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोघे जण पाणी तपासतात. डिस्टिल वॉटर घालायचे ते चार्जिंग पूर्ण झाल्यावर. आधी घातले तर चार्ज होताना आम्ल उतू जाते. प्लेटा उघड्या पडलेल्या असतील तरच आधी, तेही त्या बुडण्यापुरते. चार्जिंगची खोली उघडी ठेवा, त्या वेळी हायड्रोजन निघतो. उदबत्ती, मेणबत्ती, काहीही जवळ नको.