गाडी तापेल तिथं

भाचीचा नकाशा म्युनिकहून आला तेव्हा अमरावतीत झड लागली होती. तीन दिवस ऊन नव्हतं. ओसरीवर टाकलेले कपडे दमट ते दमटच, आणि मी फोनच्या पडद्यावरची एक निळी रेघ बोटांनी मोठी करून पाहत बसलो होतो. रेघ म्युनिकहून निघून ऑस्ट्रियात शिरत होती, ग्रोसग्लॉकनरच्या रस्त्यानं डोंगर ओलांडून इटलीकडे उतरत होती, डोलोमाइटच्या कड्यांखालून पश्चिमेला वळून स्टेल्व्हिओचा घाट चढत होती आणि शेवटी स्वित्झर्लंडातल्या फुर्का खिंडीपाशी थांबत होती. सहा दिवस, दोन माणसं, एक छोटीशी गाडी.

गाडी माझदाची एमएक्स-5, दुसऱ्या हातची. दोनच सीटा, मागे दुमडता येणारं छत, वजन टनाच्या आसपास आणि दोन मऊ पिशव्या मावतील एवढी डिकी. भाचीनं तयारी मन लावून केली आहे. तिकडचे उंच घाट बर्फामुळे साधारण जून ते ऑक्टोबर एवढेच उघडे असतात, म्हणून तिनं सप्टेंबर धरला. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी 40 फ्रँकचा वर्षाचा परवाना घेतला. ग्रोसग्लॉकनरचा टोल वेगळा, तो लिहून ठेवला. 1935 साली खुल्या झालेल्या त्या रस्त्याला 36 मोठी वळणं आहेत आणि स्टेल्व्हिओच्या उत्तरेकडच्या चढणीला 48. स्टेल्व्हिओच्या वळणांना आकडे घातले आहेत. दोनशे वर्षांपूर्वी, 1820 ते 1825 मध्ये, कार्लो डोनेगानी नावाच्या इंजिनिअरनं तो घाट बांधला आणि त्याची आखणी आजही फारशी बदललेली नाही. हे सगळं ती मला सांगत होती तेव्हा तिच्या आवाजात एक अडखळ होती. मग म्हणाली, "मामा, थांबायचं कुठं तेच ठरत नाहीये. प्रत्येक ठिकाणचे फोटो पाहिले की तिथंच थांबावंसं वाटतं. तुम्ही चिखलदऱ्याला जाताना कुठं थांबायचात?"

मी म्हणालो, "गाडी तापायची तिथं."

आमची गाडी स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासच्या कंपनीनं 1961 पासून ती आपल्याकडे बनवली. मूळची इंग्लंडातली ट्रायम्फ हेरल्ड, 1959 ची. पण तिचा आकार रेखाटला जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसानं, तुरीन शहरात. भाची ज्या डोंगरांकडे निघाली आहे त्यांच्याच पायथ्याचं ते शहर. आमच्या दारात उभ्या असलेल्या या गाडीच्या मागच्या टोकदार कडांमध्ये आल्प्सच्या सावलीत बसलेल्या एका माणसाचा हात फिरला आहे, हे मला फार उशिरा कळलं. पुढे 1962 मध्ये याच सांगाड्याची लांबी कमी करून त्यावर ट्रायम्फनं स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार उभी केली. तिचं चित्रही मिकेलोत्तीचंच. हे कळल्यापासून मी आमच्या हेरल्डला त्या चपळ गाडीची थोरली बहीण मानत आलो आहे.

थोरली असली तरी अंगानं लहानच. सुरुवातीची हेरल्ड, म्हणजे आमची, दोन दारांची. सीट इतकी खाली की बाजूनं जाणाऱ्या बैलगाडीचं चाक खिडकीच्या वर दिसायचं. वळायला मात्र विलक्षण: 25 फुटांच्या वर्तुळात ती पुरती फिरते, इंग्लंडातल्या टॅक्सीसारखी. आणि बॉनेट उघडायचं म्हणजे नुसतं झाकण उचलायचं नाही. दोन्ही मडगार्डांसकट गाडीचं अख्खं नाकच पुढे कलंडतं आणि इंजिन चहूबाजूंनी मोकळं होतं. बाबा त्या उघड्या चाकावर बसून काम करायचे.

मे महिन्याच्या सुटीत आम्ही पाच जण त्या गाडीत बसायचो. वैशाखाचं ऊन, मागे तीन पोरं, डिकीत वळकट्या, सिदोरी, स्टोव्ह आणि पुढे घाट. दोष गाडीचा नव्हता. एवढं ओझं घेऊन त्या उन्हात दुसऱ्या गिअरवर चढताना त्या काळची कुठलीही लहान गाडी तापलीच असती. बाबांना ते ठाऊक होतं, म्हणून निघण्याआधीच ते पाण्याची व्यवस्था करायचे.

ही व्यवस्था वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागते. पूर्णेच्या दोन्ही अंगांना आमच्याकडे खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. वर काळीभोर कसदार जमीन आणि तिच्याखाली खारं पाणी. विहीर खोदली की पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. असलं पाणी रेडिएटरमध्ये गेलं की आत क्षार धरतो आणि बारीक नळ्या बुजतात. म्हणून बाबा घरचं गोडं पाणी दोन डब्यांत भरून घ्यायचे. एक माणसांसाठी, एक गाडीसाठी. तहान लागली म्हणून गाडीच्या डब्याला हात लावलेला त्यांना खपत नसे.

पहाटे निघायचो. वलगावला पेढी नदीच्या पुलावर बाबा गाडी अगदी हळू करायचे आणि आई हात जोडायची. अमरावतीला येताना इथंच, 20 डिसेंबर 1956 ला, गाडगेबाबांनी वाटेतच देह ठेवला. पुढे आसेगावला पूर्णा, मग परतवाडा. तिथवर जमीन ताटासारखी सपाट. आणि मग समोर एकदम गाविलगडाचे डोंगर. हळूहळू चढत जाणारी उतरंड नाही, चुलीमागच्या भिंतीसारखे ताठ. पूर्णेचा गाळ जिथं संपतो तिथं पृथ्वीच्या पोटात एक मोठा भंग आहे, त्याच्या काठानं हे काळ्या दगडाचे डोंगर उभे आहेत. जुन्या कागदांत आमच्या सपाटीला पायनघाट म्हटलं आहे. पायथ्याचा मुलूख. माझ्या मनात तो शब्द अजून जिवंत आहे, कारण धामणगाव गढी मागे पडली की आम्ही खरोखरच एका मुलखातून दुसऱ्यात जायचो.

अमरावतीची उंची सुमारे 340 मीटर, चिखलदऱ्याची 1100 च्या आसपास. स्टेल्व्हिओच्या 2757 मीटरपुढे ही चढण लहान. पण आमच्या गाडीला ती दोनदा थांबूनच चढता यायची. तापमानाचा काटा वर सरकू लागला की बाबांचं बोलणं बंद व्हायचं. मग एखाद्या वळणाबाहेर थोडी रुंद जागा पाहून ते गाडी कडेला घेत. तेव्हा माझं काम. मी उडी मारून उतरायचो आणि डिकीतला काळा दगड मागच्या चाकाला लावायचो. तो दगड त्याच घाटातला, पहिल्या की दुसऱ्या सहलीत उचललेला, एका बाजूनं उतरता.

त्यानंतर वीस मिनिटं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण बाबा कधीही लगेच उघडत नसत. इंजिन निवू द्यायचं, मग ओलं फडकं ठेवून झाकण अर्धं फिरवायचं, वाफ जाऊ द्यायची. या वीस मिनिटांत करण्यासारखं काहीच नसे. आई दगडावर बसायची. सागाची पानं गळालेली, खोडं राखाडी, आणि त्यांच्यामधून खाली पसरलेला अख्खा पायनघाट उन्हाच्या वाफेत हलताना दिसायचा. कुठून तरी पावशा ओरडायचा. टेंभरं पिकलेली असायची, बहीण ती ओच्यात गोळा करायची. गाडीच्या धातूतून निवताना टिक-टिक असा आवाज येत राहायचा, सुरुवातीला भराभर, मग अंतरा-अंतरानं. तो थांबला की बाबा उठायचे.

चिखलदऱ्याला पोचल्यावर आम्ही देवी पॉइंट पाहिला, पंचबोल पाहिला, गाविलगड पाहिला, गवळ्यांकडची रबडी खाल्ली. त्या सगळ्याचे फोटो आहेत. घाटातल्या त्या दोन वळणांचा एकही फोटो नाही, आणि चिखलदरा म्हटलं की मला आधी तीच दिसतात. परवा आईला हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुया बाबाले पॉइंट दाखवाचे रायत. मले त गाडी तपली का बरं वाटे. चार माणसं एका जागी तं बसत."

भाचीची गाडी तापणार नाही. एका दमात ती स्टेल्व्हिओच्या माथ्यावर जाईल, तिथं गर्दीत जागा शोधेल आणि खाली उतरेल. म्हणून मी तिला म्हटलं, तुझी गाडी तापते असं धरून चल. आमचे साडेसातशे मीटरला दोन थांबे होते; त्या हिशेबानं तुझ्या अठराशे मीटरच्या चढणीला पाच होतात. आकडा पाहून थांबू नकोस, फोटो पाहून नको. सुरक्षित रुंद कड मिळाली की गाडी बंद कर आणि वीस मिनिटं बस. फुर्काला ऱ्होन नदी ज्या हिमनदीतून निघते तिच्या काही भागावर उन्हाळ्यात पांढरी कापडं पांघरतात, बर्फ वितळू नये म्हणून. तिथं वीस मिनिटं कमी पडतील, तिथं जास्त बस.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि तुम्ही कधी निघताय?"

तर आता आमचाही नकाशा तयार होतो आहे. श्रावणात नाही, श्रावणात आमच्या वाटेवरच्या गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीत भरून अकोल्याच्या राजराजेश्वराला नेतात, शेवटच्या सोमवारी तर तो रस्ता पायी चालणाऱ्यांचाच असतो आणि तो त्यांचाच असावा. आईचंही म्हणणं तेच: पोळा होऊ दे. पोळ्यानंतर झड ओसरते, घाटात धुकं उरतं आणि साग पानांनी भरलेला असतो. मिस्त्रीनं रबरी नळ्या सगळ्या बदलल्या आहेत, आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही. पाच वर्षांचं नोंदणीचं नूतनीकरण उन्हाळ्यातच झालं.

सेमाडोह-हरिसालचा रस्ता मी यादीतून काढला. सिपनेच्या काठानं जाणारा तो रस्ता आमच्या भागातला सगळ्यांत देखणा, पण मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे आणि हेरल्डच्या आवाजाला त्या जंगलात काही काम नाही. आम्ही चिखलदऱ्याहून परतवाड्याला खाली उतरू आणि तिथून पश्चिमेला, डोंगर उजव्या हाताला ठेवून जाऊ. अंजनगाव सुर्जीला पानमळ्यांपाशी थोडं थांबू, ते आईचं माहेरच्या वाटेवरचं गाव. मग अकोट, शहानूरपर्यंत जाऊन खालूनच नरनाळा पाहायचा, आणि गांधीग्रामला पूर्णा पुन्हा ओलांडून अकोल्यात मावशीकडे मुक्काम. भाचीच्या सहा दिवसांपुढे आमचे तीन.

काल संध्याकाळी पाऊस उघडला. आई काठी टेकत गाडीपर्यंत आली, दार उघडून पुढच्या सीटवर बसली. गाडी बंदच होती. तिनं काच खाली केली, कोपर बाहेर ठेवलं, आणि थोड्या वेळानं विचारलं, "दगड कुठी हाय?"

मी अंगणात शोधला. तुळशीवृंदावनाच्या मागे होता, पणती ठेवायला ती वापरत होती, वरच्या बाजूला काजळी आणि तेल. मी तो धुतला नाही. तसाच डिकीत ठेवला, पाण्याच्या दुसऱ्या डब्याशेजारी.